वैनीचा पदर, माझी बाटली

वैनी, म्हणजे माझी थोरली जाऊ, कुठेही बसून पाजायची. ओट्यावर सुकट निवडताना, भात उतू जायच्या बेतात असताना, अगदी शेजारणीशी भांडतानासुद्धा. हात कामात, तोंड भांडणात आणि पदराखाली तिचा मुलगा निवांत. मला ते बघवत नसे.

आमची बाळंतपणं मागेपुढेच झाली. मी देवरूखची, मासळी लग्नानंतर अंगवळणी पडलेली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून सासूबाई मुशी माशाचं कालवण करत. मी नाक दाबून वाटीभर गिळायची, तरी कोरडी ती कोरडीच. वैनी टोपाला लागलेला रस्सा पुसून खायची आणि तिचा ब्लाउज भिजायचा. "खा गो बाय, येयल," म्हणायची. जिला येतंय तिला म्हणायला काय जातंय!

एकदा आंघोळ करून आले, तर माझी लेक तिच्या पदराखाली. "रडत व्हती गो. दोगांना पुरून उरतंय," वैनी म्हणाली. सासूबाईंनीही री ओढली, "पाजूं दे की तिला. डब्यातल्या पावडरीपरीस घरचा काय वायट?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेक माझी आणि ढेकर तिच्या खांद्यावर! डॉक्टरीणबाईंनी वरच्या दुधाला कधीच हो म्हटलं होतं, मीच आशेवर अडून बसले होते. त्याच संध्याकाळी नवऱ्याला पिटाळून डबा आणि बाटली आणवली.

वैनीला लागलं असणार. पण तिने बाटली उकळायला आपला माहेरचा कोरा टोप काढून दिला. "हेच्यात कदी मासली शिजली नाय. वास आला तर पोर पिणार नाय." या चांगुलपणाने तर मी जास्तच जळायची.

पुढे ती बंदरावर मासळी विकायला पुन्हा जाऊ लागली, आणि तिचा मुलगा काही केल्या बाटलीला तोंड लावेना. रडून घर डोक्यावर घ्यायचा. धंदा अर्धा टाकून ती धावत यायची. एकदा माझी लेक बापाच्या मांडीवर दूध पिताना दिसली, तशी दारातच थांबली. "तुजा बरा हाय गो. तुजी कोनाकडं पन पिते. माजा मला उंबरा वलांडूं देत नाय." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वैनीला माझा हेवा वाटत होता.

तो आनंद फार टिकला नाही. भावोजींना मुंबईत खोली मिळाली आणि वैनी निघाली. एसटी स्टँडवर लेकीच्या दुधाची वेळ झाली. मी बाटली काढली, तर वैनी म्हणाली, "आज मी पाजूं? इचार करून सांग हां." मी दिली. लेक तिच्याकडे टक लावून प्यायली, तिचं बोट घट्ट धरून. माझ्याकडे तिने असं कधी बघितलं नव्हतं. जा बाई आता लवकर, असं मनात आलं.

गाडी सुटली. लेकीने भोकाड पसरलं. मी बाटली तिच्या तोंडाशी धरली, पण वैनीने थेंबही ठेवला नव्हता. मग त्या गर्दीत आम्ही दोघीही वैनीसाठी रडलो.