एक छेद तीन अधिक एक छेद सहा

माझा राग नाकावर असतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. वरवट बकालकडच्या एका खेड्यात मी पाचवीला गणित शिकवायचो. भिन्न छेदांची बेरीज आली की माझा हट्ट ठरलेला. आधी लसावि काढा, छेद सारखे करा, अंश मिळवा, मग उत्तराला संक्षिप्त रूप द्या. पायरी गाळली की गुण गेले.

शिष्यवृत्ती परीक्षेला कोणाला बसवायचं, ते मी एका चाचणीवरून ठरवत होतो. पहिल्या बाकावरच्या पोरीनं एक छेद तीन अधिक एक छेद सहा याच्यापुढे नुसतं एक छेद दोन लिहिलं होतं. पायरी एकही नाही. माझं डोकंच सटकलं.

"कोणाचं पाहून लिवलं?"

"कोणाचंच नाही, सर. मले मालूम होतं."

"हो का! मोठी शहाणी लागून गेली!"

पोरं फिदीफिदी हसली. मी तिला भोपळा दिला नि यादीतून तिचं नाव खोडलं. ती रडली नाही, त्याचाही मला रागच आला.

महिनाभरानं तिच्या बापाच्या शेतात वांगी आणायला गेलो. विहीर तीन घरांत सामाईक. मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं सहा दिवसांच्या पाण्याच्या बाऱ्या लिहिलेल्या.

"विहिरीत आमचा तिसरा हिस्सा, म्हून दोन दिवस," बाप सांगू लागला. "चुलतभावाचा सहावा, म्हून एक. थो बाहेरगावी राह्यते, त्याचं पाणी आमीच घेतो. सहातले तीन दिवस झाले, अर्धी विहीर आमची. बाऱ्या पोरगीच लावते, सर."

अरे देवा! सगळे हिस्से सहावर आणून ही पोरगी घरोघरचं पाणी वाटत होती, आणि मी तिला चोर ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी धावाधाव केली, पण परीक्षेचे अर्ज कधीच गेले होते. निदान वर्गासमोर तिची माफी मागायला हवी होती. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही, मास्तरकी आडवी आली. त्याची लाज अजून वाटते.

त्याऐवजी मी फळ्यावर एक छेद चार अधिक एक छेद बारा लिहिलं नि जमेल तितक्या गोडीनं म्हटलं, "सांग बाई, तुझ्या मनानं सांग. पायऱ्या राहू दे."

तिनं फळ्याकडे पाहिलं. ओठ हलले. उत्तर आलं होतं तिला, मी पाहिलं ना! मग तिनं मान खाली घातली.

"मले नाही येत, सर."