म्हसोबाच्या आधीचं ताट

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हिंगोलीत हळदीचे नमुने तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. गेल्या वर्षी हॉलंडहून एक बाई आमचं काम पाहायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, जरा ऊन लागलं की लालबुंद होणाऱ्या. त्यांना शेतावर हळद शिजताना बघायची होती, म्हणून मी त्यांना कुरुंद्याजवळच्या आमच्या शेतावर घेऊन निघाले.

वाटेत मी मोठ्या अभिमानाने सांगत होते, की हळद शिजवायचा कुकर पेटवण्याआधी नारळ फोडतात, बांधावरच्या म्हसोबाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात आणि मगच सगळे जेवतात. बाई इंग्रजीत म्हणाल्या, "मला एक अडचण आहे. दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं अन्न मी खात नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांतले सगळेच इतकं पाळत नाहीत, पण मी पाळते. तुझ्या आईला वाईट वाटेल का?"

"नाही," मी म्हणून गेले. शेजारच्या बाईने एकदा प्रसाद नाकारला, तर माय तिच्याशी दोन वर्षं बोलली नव्हती. आता तर मी माझ्या ऑफिसच्या पाहुणीला घेऊन चालले होते.

शेतात पोचलो तेव्हा माय लिंबाखाली चुलीपाशी पोळ्या लाटत होती. मी तिला बाजूला घेऊन सरळ खोटं बोलले. "माय, बाईंचं पोट बिघडलंय. त्या न्हाई जेवणार."

"मंग ताकभात खाईल की. आधी म्हसोबाला दाखवते, मंग तिला देते."

खोटं तिथेच संपलं. मी खरं काय ते सांगून टाकलं. मायचं लाटणं थांबलं.

"आपला प्रसाद चालत न्हाई तिला?"

"तिचा देव एकच आहे, माय. दुसऱ्या देवाचं घेतलं तर त्याला दिलेला शब्द मोडतो, असं ती मानते."

"लई कडक हाय म्हणायचा तिचा देव." माय बाईंकडे बघत राहिली. त्या उन्हात उभ्या राहून घाम पुसत होत्या. "भूक लागली आसंल तरी न्हाई खाणार?"

"न्हाई."

"पक्की हाय बाई. न्हाई तर तू! सोमवारचा उपास धरती अन् दुपारी हॉटेलात समोसा खाती."

कुकरखाली लाकडं रचणारे बाबा हसले. "काहून इचार करून राहिली? तिला आधी वाढ. आपला म्हसोबा कुठं जातो? दगड हाय, बसतो तिथंच."

माय त्यांच्यावर डाफरली, "देवाला दगड म्हणू न्हाई." पण उठली. आणि मी जन्मात पाहिलं नव्हतं ते तिने केलं. नैवेद्याच्या आधी एक ताट वाढलं. दोन पोळ्या, कटाची आमटी, वर तुपाची धार. मजूर बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

मी बाईंना सांगितलं, "हे कुणापुढेच ठेवलेलं नाही. पहिलं ताट तुमचं."

बाई ताटापुढे बसल्या, पण लगेच खाल्लं नाही. हात जुळवले, डोळे मिटले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. माय वाकून बघत होती. "काय करून राहिली?"

"देवाचे आभार मानतात त्या. जेवणाआधी."

"म्हंजी नैवेद्यच की!" मायचा चेहरा खुलला. "अजून उष्टं न्हाई झालं ना?" असं म्हणून तिने त्यांच्या पोळीचा कोपरा मोडला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

मायने तो त्यांच्या देवाचा प्रसाद म्हणून घेतला, हे मी बाईंना सांगितलं. "म्हणजे तुझी आई आता माझ्या देवाला मानते?"

वसमतच्या कॉलेजात आमचे इंग्रजीचे सर तास सुटल्यावर मला पायरीवर बसवून बोलायला लावायचे. त्यांची आठवण काढत मी बाईंचा इंग्रजी प्रश्न मायला मराठीत सांगितला.

"मानते की. काहून न मानू? तेनं माझं काय वाईट केलं?"

हे इंग्रजीत सांगितल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे मानणं म्हणजे एकाला निवडणं." त्यांना एकाला निवडताना बाकीचे सोडावे लागत होते, आणि माय कुणालाच सोडायला तयार नव्हती. दोघी आपापल्या जागी पक्क्या होत्या. मी मात्र खोट्याने वेळ मारून न्यायला निघाले होते, याची मला लाज वाटली.

नंतर म्हसोबाला नैवेद्य गेला, नारळ फुटला, कुकर पेटला. बाई बांधाच्या अलीकडे उभ्या राहून सगळं बघत होत्या. पुढे गेल्या नाहीत. मायनेही त्यांना बोलावलं नाही.

निघताना मायने एका फडक्यात बांधलेली ओली हळद बाईंच्या हातात दिली. मी घाबरून विचारलं, "माय, ही पूजेतली तर न्हाई?"

"येडी का काय तू! तू सांगितलं तवाच बाजूला काढून ठेवली. नारळ फुटायच्या आधी. सांग तिला, बिनघोर खा म्हणावं."