रफीकभाईंची स्क्रिप्ट

मित्रांनो, आज स्वतःचीच लाज वाटली, म्हणून लिहून राह्यलो.

आम्ही यवतमाळचे पाच जण मिळून कमी पैशातला एक सिनेमा काढणार आहोत. आज दुपारी दोन स्क्रिप्टमधून एक निवडायची होती.

एक कळंबच्या रफीकभाईंची. ते गाड्या दुरुस्त करतात. वडील गेल्यावर आईनं गॅरेज कसं चालवलं, ते त्यांनी तीन वर्षं बसून लिहिलं. वाचताना मी रडलो होतो.

दुसरी गावातल्या पैसेवाल्या विलासरावांच्या जावयाची. कॉलेजातलं प्रेम, चार गाणी, शेवटी लग्न. पण विलासराव बंगला, कॅमेरा आणि जेवण फुकट देणार होते.

"जावईबापूंचीच घेऊ," सगळ्यांत आधी मीच म्हणालो. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

रफीकभाई समोरच बसले होते. मले वाटलं, भांडतील. ते म्हणाले, "बरोबर हाय भाऊ. शूटिंगले गाडी लागली तं मले सांगजा."

निघताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, "पण तुमाले आवडली होती ना?"

मले साधं 'हो' म्हणता आलं नाही. 'हो' म्हटलं असतं, तर मग नाकारली काहून, तेही सांगावं लागलं असतं.

तुम्ही काय म्हटलं असतं?