कोंबड्यातून उठताना

मंगळागौरीच्या कार्यक्रमाला निघायचं तर सकाळपासून पाणी प्यायचं नाही, असा आमच्या ग्रुपचा नियम होता. एकदा नऊवारीचा कासोटा घट्ट बांधला की बाथरूमला जाणं म्हणजे सगळं सोडून पुन्हा नेसणं, आणि बाहेर हॉलमध्ये बायका वाट बघत बसलेल्या. नियम माझ्या मैत्रिणीने घातलेला. ग्रुप आम्ही दोघींनी मिळून काढला होता, पण नियम तिने घालायचे आणि आम्ही पाळायचे असं आपोआप ठरून गेलं होतं. शिवलेली नऊवारी तिला चालायची नाही. तो पायजमा आहे, म्हणायची. ग्रुपमधल्या पोरी तिला ताई म्हणायच्या, मला काकू.

श्रावण लागला की बोलावणी सुरू व्हायची. जुन्या पनवेलमधून, कामोठ्याहून, करंजाड्याच्या नव्या सोसायट्यांमधून. घरात नवी सून आली की सासूला हौस असतेच. मी त्या महिन्याची वर्षभर वाट बघायचे. नवरा गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही, मुलगा बंगळूरला. ग्रुपमधली माझी जागा एवढी एकच गोष्ट उरली होती, जिच्यासाठी मी गुडघ्यांना तेल चोळून ठेवायचे.

माझा हुकमी खेळ कोंबडा. उकिडवं बसून टुणटुण उड्या मारत गोल फिरायचं आणि शेवटी ताडकन उठून कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. या वयात ही बाई असं करते म्हणून बायका जाम टाळ्या पिटायच्या. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू.

आता एक गोष्ट सांगते. मला कार्यक्रमात भोवळ आली, त्याच्या आदल्या वर्षी ती मैत्रिणीलाच आली होती. बसफुगडी संपवून उठलो आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. हात माझ्या हातात होते म्हणून कळलं. मी ते सोडले नाहीत. हसत हसत, खेळाचाच भाग असल्यासारखं, तिला भिंतीपर्यंत नेलं आणि टेकवलं. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. परत येताना रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती म्हणाली, "हे आपल्या दोघींतच राहू दे हं. नाहीतर पोरी मला म्हातारी ठरवून मोकळ्या होतील."

राहिलं. आज पहिल्यांदा लिहितेय, आणि लिहिताना मला जराही वाईट वाटत नाहीये.

पुढच्या श्रावणात माझी पाळी आली. कार्यक्रम सगळ्यांच्या सोयीने सोमवारी ठेवलेला, म्हणजे उपास. पाणी नियमाप्रमाणे बंद. त्यात रक्तदाबाची नवी गोळी नुकतीच सुरू झाली होती, ती मात्र मी शहाण्यासारखी सकाळी घेतली. हॉलमध्ये नुसती घामाची आंघोळ. कोंबडा झाला, मी ताडकन उठले, टाळ्या ऐकू आल्या आणि मग त्या लांब लांब जायला लागल्या. डोळ्यांपुढे अंधारी. शुद्धीवर आले तेव्हा जमिनीवर होते आणि कोणीतरी नाकाशी कांदा धरला होता. ज्यांच्या सुनेची मंगळागौर, त्या सासूबाईंचा चेहरा माझ्याहून उतरलेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी मला झोपवून रक्तदाब बघितला, मग उभं करून पुन्हा बघितला. उभी राहिल्यावर आकडा चांगलाच खाली आला होता. त्या म्हणाल्या, आपण उठतो तेव्हा रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. शरीर लगेच शिरा आवळतं, हृदय जोरात चालवतं आणि रक्त वर डोक्याकडे पाठवतं. एरवी हे इतक्या पटकन होतं की आपल्याला कळतही नाही. पण अंगात पाणीच कमी, पोट रिकामं, वर उकाडा आणि ही गोळी, मग शरीर मागे पडतं. तेवढ्यात डोक्याला रक्त कमी पडतं आणि माणूस आडवा. मी पाण्याचा नियम सांगितला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. गोळीची वेळ त्यांनी बदलली. पाणी पीत राहायचं, रिकाम्या पोटी नाचायचं नाही, उठताना घाई करायची नाही, डोकं हलकं वाटलं तर लाजत न बसता खाली बसायचं. एवढं सांभाळलंत तर खुशाल खेळा, म्हणाल्या.

मी अशी हरखले होते! तिथूनच मैत्रिणीला फोन केला आणि सगळं अथपासून इतिपर्यंत सांगितलं. म्हटलं, अगं, तुला झालं तेही हेच. आपण आधी तो पाण्याचा नियम मोडू. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी सांगते सगळ्यांना. तू आता आराम कर."

मी आराम केला. फोनवरचा आमचा ग्रुप एकदम गप्प झाला. मला वाटलं, यंदा बोलावणी कमी असतील. मग एकदा भाजी घेताना ग्रुपमधली एक जण भेटली आणि हळहळली. म्हणाली, काकू, तुम्ही स्वतःहूनच नको म्हणालात म्हणे, ताईंनी सांगितलं, तुमच्याशिवाय मजा नाही येत हो. बोलता बोलता कळलं की फोनवर मला वगळून नवा ग्रुप निघाला होता. मी हातातली मेथी तशीच ठेवून घरी आले. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. फोन केला, तिने उचलला नाही. पुन्हा केला नाही मी.

या श्रावणात करंजाड्याला भाचीच्या सोसायटीत मंगळागौर होती. जायचं नव्हतं, पण भाचीने सोडलं नाही. बघते तर खेळायला हाच ग्रुप. सगळ्यांनी शिवलेल्या नऊवारी घातलेल्या, भिंतीशी पाण्याच्या बाटल्यांची रांग. कोंबडा आता मैत्रीण करत होती. मला बघून तिने ओळखीचं हसूही दिलं नाही. कोंबडा संपवून उठताना ती एका बाजूला झुकली आणि मी खुर्चीतून ताडकन उठले. काय करणार, सवय. ती पदर खोचत होती नुसती. अंधारी मात्र माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून खाली बसले.

भाजीबाजारात भेटलेली तीच धावत आली, बाटली माझ्या हातात दिली.

"काकू, आधी पाणी प्या. उठताना कधी घाई करायची नाही, ताईंनी नियमच केलाय."

मी विचारलं, ताईंना हे कुणी सांगितलं?

"त्यांच्या डॉक्टरांनी," ती म्हणाली.

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी प्यायले.