दिगूची चक्की आणि माझी वचनं

आमच्या बिल्डिंगीत पवनचक्कीतलं माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. म्हणजे दिगू वर चढला की खाली शिडी कशी धरायची, तेवढं. बाकी शाळेने मला चौथीतच हात जोडले होते. दिगू परब गेला त्याला दोनेक महिने होतील. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी सलूनच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली... तसाच धावलो. रडणाऱ्या बायका माझं तोंड बघून गप्प झाल्या.

दिगू इथेच विक्रोळीत एका कारखान्यात फिटर होता. रिटायर झाल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात, हा वाऱ्याच्या लागला. गच्चीवर खाडीकडून वारं यायचं, ते तोंडावर घेत म्हणायचा, "बाळ्या, वारो फुकट जाता रे!" मी म्हणायचो, "जाऊ दे ना यार, आपल्या बापाचं काय जातं?" तर खवळायचा. "कोळसो जाळून पंखे फिरवतव, त्या धुराने दुनिया तापता, मगे त्याच पंख्याखाली बसान बोंबलतव, गरम होता म्हणान!" मग भंगारातली मोटर आणली, पीव्हीसीचा पाइप चिरून पाती केली. सगळे हसले, त्यात मोठा आवाज माझा. पण चक्की फिरली, बॅटरी भरली आणि जिन्यातले दिवे तिच्यावर लागले. एरियाची लाइट गेली तरी आमचा जिना झकास. तेव्हापासून मी सगळीकडे सांगत सुटलो, "आम्ही बनवली."

दिगू गेला आणि बघतो तर चक्की बंद. वारा भरपूर, पाती ढिम्म. हळूहळू बॅटरी उतरली, जिन्यात काळोख. सेक्रेटरी म्हणाले, "तेरावं झालं की काढून टाकू. कोण बघणार तिच्याकडे?" वहिनीला, म्हणजे दिगूच्या बायकोला, हे सांगायची कोणाची हिंमत नाही. त्या घरात बसून होत्या. नवरा गेला, आता त्याची चक्की भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाताना बघायची त्यांनी?

मोटर मला कळत नाही, पण पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा काय करायचं ते कळतं. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते, आपण हात जोडून वचन द्यायचं. दिगूच्या पिंडाला कावळा तर लगेच शिवला होता. म्हटलं, तरी चक्की थांबली म्हणजे याचा जीव तिच्यातच राहिला असणार! तेराव्याचं जेवून गच्चीवर गेलो, चक्कीसमोर उभा राहिलो. "दिगू, वहिनीला काय कमी पडू देणार नाय." ढिम्म. "तंबाखू सोडतो." ढिम्म. "बरं, बायकोला उलट बोलणार नाय." एक पातं जरा हललं, पण ते हसायला आलं म्हणून असणार. शेवटी म्हटलं, "चक्की तूच बनवलीस रे. मी नुसती शिडी धरली..." आणि मला रडूच फुटलं.

"काय चाललंय भावजी?" मागे वहिनी. जिन्यात काळोख कसा म्हणून वर आलेल्या. मी नाक पुसत सगळं सांगितलं, भंगाराचं पण. त्या बॅटरीच्या पेटीशी वाकल्या आणि तिथला लाल खटका वर केला. वरती कुरकुर झाली... आणि पाती सुटली! अशी सुटली की माझी टोपी उडाली. छातीवरचा धोंडा उतरला माझ्या. दिगू कुठे अडकला नव्हता, सुखाने गेला होता. मी तिथेच फतकल मारून हसत बसलो.

आवाज ऐकून सेक्रेटरी धापा टाकत वर आले. फिरणारी पाती बघत राहिले. म्हणाले, "चालू आहे तर राहू दे बापडी. पण बघणार कोण?"

मी छाती काढून हात वर केला.

"हात खाली घ्या भावजी," वहिनी म्हणाल्या. "हॉस्पिटलात जाताना हे स्वतःच तो खटका पाडून ब्रेक लावून गेले होते. म्हणाले, बाळ्याला हात लावू देऊ नको. चक्कीकडे आता मीच बघीन."