कर्ण्यात राहिलेला सूर

लिंबाजीच्या ताफ्यात तीन माणसं होती. लिंबाजी स्वतः सनई वाजवायचा, बन्सीधर संबळ, आणि मुंजाजी सूर धरायचा. लग्नाची सुपारी द्यायला आलेला माणूस लिंबाजीच्या सनईबद्दल बोलायचा, बन्सीधरच्या हाताबद्दल बोलायचा. मुंजाजीबद्दल कुणी काही बोलल्याचं आठवत नाही. त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

सूर म्हणजे दिसायला सनईच, पण भोकं मेणाने बुजवलेली. तिच्यातून एकच खालचा स्वर निघतो. सनई त्याच्यावर चढते, उतरते, खेळते. सुराने मात्र जागचं हलायचं नाही आणि तुटायचंही नाही. गालात हवा भरून ठेवायची आणि ती ढकलत असतानाच नाकाने नवा श्वास ओढायचा. मुंजाजीच्या बापाने त्याला हे पाण्याच्या तांब्यावर शिकवलं होतं. बोरूची नळी पाण्यात बुडवून फुंकत राहायचं. बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा.

बापाने आणखी एक गोष्ट शिकवली होती. सुपारी संपली, सनई-संबळ थांबले, की सूर धरणाऱ्याने मांडवाबाहेर यायचं, लग्नघराकडे पाठ करायची आणि गाल पुन्हा न भरता एकच श्वास संपेपर्यंत फुंकायचा. याला ते सूर मोकळा करणं म्हणायचे. "दिवसभर आपण श्वास तुटू देत न्हाई," बाप सांगायचा. "असा न तुटलेला श्वास दुसऱ्याच्या दारात टाकून घरी येऊ नये. तो तिथं राहतो अन् तिथून आपल्याला वडतो."

मुंजाजीने हे कधी चुकवलं नाही. रझाकारांच्या वर्षी गावोगाव लग्नं मुकाट्याने लागली, वाजंत्र्याला कुणी बोलावलं नाही. त्या वर्षभर तो ओसरीवर तांब्यात फुंकत बसायचा आणि शेवटी उठून, घराकडे पाठ करून, एक श्वास मोकळा करायचा. त्याची बायको दैवशाला यावर हसायची. "पान्यालाबी मोकळं करायलाव व्हय?"

परभणी मुंबई राज्यात गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सेलूचा पंडित मशीन घेऊन आला. हा पंडित काही वर्षं हैदराबादेला तंबूतल्या सिनेमावर कामाला होता. येताना त्याने एक लाकडी पेटी आणली. पेटीत काचेचे वाल्व, शेजारी मोटारीची बॅटरी, एक माईक आणि झाडाला बांधायचा मोठा पत्र्याचा कर्णा.

"तात्या, आता जीव तोडून फुंकायचं काम न्हाई," तो लिंबाजीला म्हणाला. "तुमी हळू वाजवा. कोसभर जाईल."

"अन् बिघडलं तर?"

"मशीन बिघडत न्हाई. चालवणारा बिघडतो."

त्याच वेळी कर्ण्याने अशी शिट्टी मारली की बांधलेला बैल दावं तोडून पळाला. बन्सीधर संबळ बाजूला ठेवून म्हणाला, "बिघडला बघा चालवणारा."

पण लिंबाजीला मशीन आवडलं. माईक एकच होता, म्हणून सनई आणि सूर जवळजवळ बसू लागले. पहिल्याच दिवशी मुंजाजीने आपला सूर लिंबाच्या झाडावरून येताना ऐकला. वरचा एक दात पडल्यामुळे त्याच्या सुराच्या कडेला हवा निसटल्याची बारीकशी सुस होती. पंचवीस वर्षांत ती त्याने कधी ऐकली नव्हती. झाडावर बसून कुणीतरी आपलाच श्वास घेतंय असं त्याला वाटलं, आणि अंगावर काटा आला. तरी आनंदही झाला, तो त्याने कुणाला सांगितला नाही.

चारठाण्याच्या माणिकरावांकडे लग्न होतं. दुपारची वेळ, मांडवात माणूस मावत नव्हतं. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि ऐन रंगात मशीन गप्प झालं. वाल्व गेला होता. पंडित घामाघूम होऊन पेटीत हात घालत होता. "सनई कुणी गिळली रे?" मांडवातून आवाज आला, हशा झाला. मुंजाजी फुंकत होता, पण त्या गलक्यात त्याचं त्यालाही ऐकू येईना. लिंबाजीने सनई तोंडातून काढली आणि फडक्यात गुंडाळली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने अर्ध्यावर सनई गुंडाळली होती. "चला," तो म्हणाला.

मुंजाजी मांडवाबाहेर आला. सवयीने त्याने घराकडे पाठ केली, सूर ओठाला लावला. मग झाडावरच्या मुक्या कर्ण्याकडे पाहिलं. सूर तर मशीननेच तोडला, आता मोकळं काय करायचं, असं त्याच्या मनात आलं. लिंबाजी पुढे निघून गेला होता. मुंजाजीने सूर पिशवीत टाकला आणि त्याच्या मागे चालू लागला.

चौथ्या दिवशी पंडित लिंबाजीच्या दारात उभा. येताना मुंजाजीलाही हाक मारून आला होता.

"तात्या, नवा वाल्व टाकला. बॅटरी जोडली. अजून माईक पेटीतच हाय, अन् कर्णा वाजायला लागला. सूर! नुसता सूर, अखंड."

"घरघर असंल मशीनची."

"घरघर मला कळत न्हाई का? चला, ऐका."

तिघे मशीनपाशी गेले. पंडितने तार जोडली. कर्ण्यातून सूर निघाला, खालचा, सरळ, न हलणारा. लिंबाजीने सनई काढून त्याच्यावर दोन फेऱ्या घेतल्या. सूर नेमका जुळला. "वा," तो म्हणाला. मुंजाजी मात्र कडेची सुस ऐकत होता. त्याची जीभ आपोआप पडलेल्या दाताच्या जागेवर गेली.

"तार काढ," तो पंडितला म्हणाला.

पंडितने तार काढली. सूर पाचसहा श्वास तसाच चालू राहिला, मग थांबला.

"गरम असतंय आत, म्हणून," पंडित म्हणाला. पण त्याने मुंजाजीकडे पाहिलं नाही.

पुढच्या सुपारीला लिंबाजीने निरोप धाडला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. बन्सीधर एकदा सांगायला आला. "तात्या म्हनतोय, मशीन सूर धरतंय तर तिसरा मानूस कशाला. मला पटलं न्हाई मुंजा, पन मी संबळवाला." तो उंबऱ्यावर घुटमळला. "अन् एक सांगू का? धूळ जाऊ नये म्हनून पंडित कर्न्याच्या तोंडाला फडकं बांधतोय. परवा सूर चालू व्हता अन् फडकं आत वडलं गेलं, बाहेर आलं. आत, बाहेर. वारा बिलकुल न्हवता."

मुंजाजीचं गाव चारठाण्यापासून कोसभर. लग्नसराईत रोज कुठून तरी कर्णा ऐकू यायचा. तो वाजायला लागला की मुंजाजी हातातलं काम सोडून खाली बसायचा. छाती भरायची नाही. वखर धरलेला असो की भाकरीचा घास तोंडात असो, गाल आपोआप फुगायचे आणि हवा कुठे जाते ते कळायचं नाही. सनई थांबली, सूर थांबला, की जीव परत यायचा, पण दर वेळी थोडा कमी.

एके सकाळी त्याने तांब्यात पाणी घेतलं आणि नळी बुडवली. पूर्वी दैवशालाच्या सगळ्या भाकरी होईपर्यंत बुडबुडे चालायचे. आता तिची पहिली भाकरी तव्यावर पडली आणि बुडबुडे थांबले. त्याने पुन्हा फुंकलं. या वेळी भाकरी थापूनही झाली नव्हती.

दैवशालाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "त्या दिवशी मानिकरावाच्या घरी तुमी मोकळा केला का?"

त्याने नळी पुन्हा तांब्यात बुडवली.

"मी काय इचारायले?"

"न्हाई केला."

तिने तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "मामंजी, म्हंजी तुमचे वडील, मरताना काय म्हनले ठावं हाय ना? सूर पोराच्या हाती द्या अन् मला मोकळं करा. तवा तुमी वाजवलं अन् मग त्यांनी डोळे मिटले. आज कुठं हाय सुपारी?"

"चारठान्यालाच. देवळाजवळ."

"मग बसलाव कशाला?"

कोसभर वाट त्याला चार ठिकाणी बसत कापावी लागली. जुन्या देवळाच्या दीपमाळेजवळ मांडव होता आणि कर्णा पिंपळावर बांधला होता. ऊन डोक्यावर. अक्षता नुकत्याच पडल्या होत्या. लिंबाजी माईकसमोर डोळे मिटून वाजवत होता, त्याच्या शेजारची जागा रिकामी होती आणि सूर झाडावरून येत होता. फडकं आत जात होतं, बाहेर येत होतं. मुंजाजीने पाहिलं, ते त्याच्या छातीच्या लयीने हलत होतं. तो श्वास घ्यायला थांबला की फडकं फुगायचं.

तो मांडवाच्या मागे गेला, मांडवाकडे पाठ केली. मग त्याच्या लक्षात आलं की एका श्वासाने हे होणार नाही. त्याचा श्वास दहा मोजेपर्यंत संपेल आणि वरचा चालूच राहील. सूर धरणारा शेवटी थांबतो. जो आधी थांबेल तो गेला.

त्याने सूर ओठाला लावला आणि मोकळा करण्याऐवजी धरला. वरच्या सुराला आपला सूर लावला, सनईला लावतात तसा नाही, बापाच्या सुराला लहानपणी लावायचा तसा. छाती जळत होती. नाकाने ओढलेली हवा आत पोचण्याआधीच कुठेतरी जात होती. डोळ्यांपुढे दीपमाळ दोन झाली, परत एक झाली. तरी त्याने सोडलं नाही. हळूहळू कडेची सुस आपली कोणती आणि झाडावरची कोणती ते त्याला कळेना. बोटांखालचं लाकूड आणि पिंपळावरचा पत्रा एकाच थरथरीने थरथरत होते.

तेव्हा त्याने नाकाने श्वास घेणं थांबवलं.

गाल रिकामे झाले. सूर बारीक झाला, आणि वरचाही बारीक झाला. बापाने शिकवलं होतं तसा त्याने शेवटचा धागा ओढून न तोडता आपोआप संपू दिला. पिंपळावरचं फडकं एकदा आत गेलं आणि सैल पडलं. मांडवात सनई एकटीच चालू होती, उघडी, जरा बेसूर.

"बॅटरी गेली वाटतं!" पंडित ओरडला. बॅटरी गेली नव्हती. सनई कर्ण्यातून व्यवस्थित येत होती.

लिंबाजीने डोळे उघडले. मांडवाच्या मागून मुंजाजी देवळाची भिंत धरत धरत आला आणि रिकाम्या जागेवर बसला. लिंबाजीने सनई तोंडात असतानाच भुवया वर केल्या. मुंजाजीने सुराच्या तोंडाची पत्ती ओली केली, गाल भरले आणि सूर धरला. हवा छातीत राहिली. पाठवणीपर्यंत राहिली.

निघताना लिंबाजी म्हणाला, "परवा देवगाव फाट्याला हाय." सनई फडक्यात गुंडाळत म्हणाला, "तिघं जाऊ."

त्यानंतर मुंजाजी बरीच वर्षं लिंबाजीजवळ बसला. मशीन बदललं, वाल्व बदलले, पंडितने दुसरा माईक आणून खास त्याच्या तोंडासमोर ठेवला. काही उपयोग झाला नाही. जवळ बसलेल्यांना सूर ऐकू यायचा, लिंबाजीला यायचा, त्याच्याशिवाय सनई नीट लागायचीही नाही. कर्ण्यातून मात्र सनई आणि संबळ एवढंच बाहेर पडायचं. पंडितने तारा तपासल्या, माईक फिरवून पाहिला आणि शेवटी नाद सोडला.

पहिल्या वेळी, देवगाव फाट्याहून परत आला त्या संध्याकाळी, दैवशाला दारात उभी होती. वाऱ्यावर तिला सनई ऐकू आली होती.

"आज तुमी वाजिवलं न्हाई व्हय?"

"वाजिवलं की. शेवटपर्यंत."

"मला नुसती सनई आली."

मुंजाजीने पायांवर पाणी घेतलं. मग तांब्यात उरलेल्या पाण्यात बोरूची नळी बुडवली आणि फुंकायला लागला. दैवशालाने भाकरी थापायला घेतल्या. पहिली झाली, दुसरी झाली. शेवटची भाकरी टोपल्यात पडली तरी बुडबुडे चालूच होते. ती हात पुसत जवळ येऊन बसली आणि ऐकत राहिली.