शाडूचा उंदीर

माझ्या दवाखान्यात ओल्या शाडूचा वास सुटला की मी मनाने लालबागच्या आमच्या चाळीखालच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसते. तेव्हा मी तिसरीत होते. मोडलेल्या उजव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं वळत नव्हती. "नाही हं दुखणार," म्हणत घरातले बोटं वाकवायचे आणि मी किंचाळायचे. मूर्तिकार बाबीकाकांनी मात्र माझ्या तळहातावर शाडूचा गारगार गोळा ठेवला.

"दुखतला," ते म्हणाले. "तरी उंदीर कर."

रडत रडत केला. वाकडाच झाला. काकांनी तो तसाच रंगवून एका बाप्पाच्या पायाशी बसवला.

आता मी फिजिओथेरपिस्ट आहे. आज एका मुलीच्या आखडलेल्या हातात शाडू ठेवला.

"दुखेल?" तिने विचारलं.

तिची आई "नाही" म्हणायच्या आत मी म्हटलं, "दुखेल. उंदीर कर."